पाच नंबर कोणाचा?

आठवी नापास तो आठवी नापासच ना, दादा? दिवाळीत साऱ्या पाहुण्यांसमोर तूच म्हटलं होतंस. मग आज सकाळी मले काऊन फोन केलास?

मंडळी, मी हैदराबादले जुने लॅपटॉप दुरुस्त करतो. दादा बीएस्सी, आमच्या गावाकडं गोरेगावच्या राईस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. काट्याची केबल तिथल्या जुन्या लॅपटॉपच्या खाचेत बसवलेल्या कार्डात लागते. काल दादानं मोठेपणात त्यातली जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकलं आणि वजन येणंच बंद. बाहेर धानाच्या गाड्यांची रांग, डोक्यावर सेठ.

"बाबू, कार्ड तर दिसते, पण वजन येत नाही रे!"

त्यानं पाठवलेला स्क्रीनचा फोटो पाहिला आणि समजलो. ते कार्ड आणि आवाजाची चिप, दोघंही कॉम्प्युटरले हाक मारायले पाच नंबरचीच लाईन मागून राहिले होते. एका नंबरावर दोघं बसत नाहीत. सेटिंगच्या फाईलीत एक लाईन लिहायची, की कार्डाले पाच सोडून दुसरा नंबर दे. दोन मिनिटांचं काम. घरी फी एकाचीच भरता येत होती, तवा आठवीत नापास झाल्यावर मले शाळेतून असंच हटवलं होतं.

मी म्हटलं, "मले काय समजते दादा? मी आठवी नापास."

"बाबू, नोकरी जाईल रे माझी!"

मी फोन कापला.

दुपारी आईचा फोन आला. सेठनं त्याले काढलं.

उपाय आता वर लिहून दिला आहे, दादा. वाचता येतेच तुले.

मंडळी, तुम्ही सांगितलं असतं का?

घर त्याच्याच पगारावर चालायचं. आता आईच्या खात्यात सहा हजार पाठवून राहिलो.