न घेतलेली गिरकी

शनिवारी दुपारी दोन ते पाच या वेळात मी कुणाचीच कुणी नसते. ऑफिसचा फोन कोरड्या डब्यात बंद असतो, घरची मंडळी जेवून लवंडलेली असतात आणि मी ईस्ट कोस्टच्या समुद्रात एका जुन्या शिडाच्या होडीत पाय दुमडून बसलेली असते. वारा बहुतेक नसतोच. इथल्या समुद्रात वाऱ्याची वाट बघणं हाच निम्मा खेळ आहे. लांबवर मालवाहू जहाजं नांगर टाकून रांगेने उभी असतात, त्यांच्या अंगावर ऊन थरथरत असतं. चांगी विमानतळाकडे उतरणारी विमानं इतकी सावकाश जातात की ती उतरायचं विसरली की काय असं वाटतं. होडीच्या पोटाखाली पाणी चुळुक चुळुक करतं. अशा वेळी मला झोपही लागत नाही आणि मी धड जागीही नसते.

मी मूळची पुण्याची. पुण्याला समुद्र नाही, समुद्राबद्दल मतं मात्र भरपूर आहेत. मी होड्यांच्या या क्लबात आले ती लेकीला शाळेच्या सुट्टीत होडी शिकायला घातलं म्हणून. चार शनिवारांनंतर तिने "सो हॉट लाह, आई" म्हणून खेळ आवरला. फी भरलेली, त्यामुळे पाचव्या शनिवारी मी एकटीच हट्टाने क्लबच्या व्हरांड्यात पुस्तक घेऊन जाऊन बसले. तेव्हा एक किडकिडीत चिनी म्हातारा अनवाणी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हनुवटीखाली सुतळीने बांधलेली टोपी, खाकी अर्धी चड्डी. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं आणि विचारलं, "यू, हाऊ मेनी किलो?"

हा प्रश्न विचारायची छाती माझ्या नवऱ्यालाही आजवर झालेली नाही. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण त्या क्षणी माझी अशी काही दांडी गुल झाली की मी चक्क उत्तर दिलं, "पंचावन्न." एकसष्ट होते.

"कॅन," ते म्हणाले, म्हणजे चालेल. "लाइट विंड, लाइट पर्सन. कम."

त्यांचा नेहमीचा साथीदार आला नव्हता, आणि वारा कमी असला की होडीत हलकं माणूस लागतं, एवढाच त्यामागचा अर्थ. त्या दिवसापासून मी त्यांच्या होडीत पुढे बसायला लागले आणि त्यांना अंकल म्हणायला लागले. जन्मभर मुलांना लेथ मशीन शिकवून निवृत्त झालेले मास्तर होते ते. बोलणं मोजकं, तोडक्या इंग्रजीत. मला आता ते मराठीतच आठवतं, कसं कोण जाणे.

क्लबात दर शनिवारी छोटी शर्यत असते. पाण्यात तीन तरंगते केशरी बोये सोडतात, त्यांना ठरलेल्या क्रमाने वळसा घालून यायचं. मला गंमत वाटली ती एका रिवाजाची. पाण्यात पंच नसतो. होडी बोयाला लागली तर कुणी शिट्टी वाजवत नाही. ज्याची लागली त्याने आपणहून होडीची एक पूर्ण गिरकी घ्यायची, स्वतःला तेवढी शिक्षा करायची आणि मग पुढे जायचं. सिग्नलला आधी पोलीस कुठे उभा आहे ते बघणाऱ्या शहरातून मी आलेली. मी हसून विचारलं, "आणि कुणी बघितलंच नसेल तर?"

अंकलनी शिडाची दोरी जराशी ओढली. मग म्हणाले, "बोटीने बघितलं ना."

दोन वर्षं अशीच शिडाच्या सावलीत गेली. आम्ही कधी दुसरे यायचो, पुष्कळदा पाचवे. पहिल्याला मिळायचा एक पांढरा इनॅमलचा मग, निळ्या काठाचा, आमच्याकडे पूर्वी गावी असायचा तसा. जिंकणाऱ्या होडीतल्या लोकांनी त्या मगातून आळीपाळीने चहा प्यायचा. अंकलनी इतकी वर्षं शर्यती केल्या, पण तो मग त्यांच्या ओठाला कधी लागला नव्हता. त्यांना त्याचं काही वाटत नसावं. मला वाटायचं.

एका शनिवारी त्यांनी मला विचारलं, "बोया कुठे आहे?" बोया समोर होता, फ्रिजएवढा, भडक केशरी. मला वाटलं थट्टा करतायत. पुढच्या आठवड्यात व्हरांड्यात कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिता पिता त्यांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांतला मधला भाग जातोय. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं पुसलेलं. "तुझं तोंड दिसत नाही, पण तुझे कान छान दिसतात," म्हणाले. मला हसावं की रडावं कळेना.

त्यांची मुलगी होडी विकून टाका म्हणत होती. क्लबचं म्हणणं, पुढे नीट दिसणारं माणूस असेल तर हरकत नाही. अंकलनी कप खाली ठेवला. "तू माझे डोळे हो. दिसेल ते सांग. चांगलं, वाईट, सगळं. ते जमत नसेल तर मी होडी विकतो."

मी लगेच हो म्हणाले. घरात 'किती बोलतेस' म्हणून ऐकून घेणाऱ्या बाईला कुणीतरी बोलण्याचं काम दिलं होतं, तेही समुद्रावर.

ते महिने मला स्वप्नासारखे आठवतात. मी बोलत राहायचे. पुढे तीन होड्यांच्या अंतरावर निळं शीड. डावीकडचं पाणी काळं पडतंय, म्हणजे तिथे वारा उतरतोय. बगळा पाण्याला टेकून गेला. अंकल बहुतेक डोळे मिटून बसायचे, एक हात सुकाणूवर. मी सांगत गेले तसतसा मलाच समुद्र दिसायला लागला. त्याआधी मी नुसतीच त्याच्याकडे बघत होते. कधी कधी वारा पूर्ण पडायचा, सगळ्या होड्या जिथल्या तिथे उभ्या, आणि माझा एकटीचा आवाज पाण्यावर चालत असायचा. तेव्हा वाटायचं, हे कधी संपू नये.

संपू नये, म्हणूनच असेल, मी हळूहळू गाळून सांगायला लागले. वळण फसलं तरी "मस्त झालं" म्हणायचं. आम्ही शेवटचे असलो की "मागे एक आहे अजून." एकदा एका जहाजाच्या नांगराच्या साखळीजवळून आम्ही नको इतक्या जवळून गेलो, तेव्हा मी जीव मुठीत धरून "भरपूर जागा आहे" म्हणाले. यात मी काही खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही. आमच्या घरात वडीलधाऱ्यांना वाईट बातमी सांगतच नाहीत. काकूचा भाऊ गेला तर दिवाळी होईपर्यंत तिला कळू दिलं नव्हतं, आणि सगळ्यांनी आपण केवढं पुण्य केलं अशा चेहऱ्याने लाडू वळले होते. मी त्याच घरची मुलगी.

मोसमातल्या शेवटच्या शर्यतीला दुपार नुसती पेंगत होती. मला लांब डावीकडे पाणी गडद झालेलं दिसलं, मी सांगितलं, अंकल तिकडे वळले, आणि बाकीच्या होड्या तळपत्या पाण्यात उभ्या असताना आम्ही एकटेच सरकत पुढे गेलो. शेवटच्या बोयापाशी आम्ही पहिले होतो. मी शिडाखाली, पाण्याच्या बाजूला जवळजवळ आडवी पडले होते. प्रवाह आम्हाला बोयाकडे लोटत होता. हातभर अंतर, मग वीतभर. मग बोया होडीच्या अंगाला लागला. आवाजसुद्धा झाला नाही. गर्दीत कुणाची पिशवी कोपराला घासून जावी, तेवढंच.

वरून अंकलनी विचारलं, "क्लिअर?"

मागे सगळ्यात जवळची होडी बरीच लांब होती. या वाऱ्यात गिरकी घेतली असती तर दोन होड्या तरी आमच्यापुढे गेल्या असत्या. मला तो मग दिसत होता.

"क्लिअर," मी म्हणाले.

आम्ही शेवटची रेषा ओलांडली, भोंगा वाजला. मी टाळ्या वाजवल्या, ओरडले, त्यांचा खांदा हलवला. अंकलनी फक्त टोपी नीट केली.

किनाऱ्याला लागल्यावर होडी गोड्या पाण्याने धुवायची असते. अंकल ते काम कुणाला देत नाहीत. डाव्या हातात नळी आणि उजव्या तळहाताने होडीचं अंग चोळत ते पुढून मागे येत होते. मध्येच एका जागी हात थांबला. परत मागे गेला, परत तिथेच आला. मग त्यांनी तळहात नाकाशी नेला. महिनोन् महिने पाण्यात राहिलेल्या बोयावर बुळबुळीत हिरवं शेवाळ असतं, त्याचा वास काही लपत नाही. त्यांनी नळ बंद केला, व्हरांड्यातल्या शर्यतीच्या टेबलापाशी गेले आणि आमच्या होडीचं नाव निकालातून काढायला सांगितलं. तो मग दुसऱ्या आलेल्या होडीला मिळाला. मी नळापाशी तशीच उभी होते.

ते परत आले, नळी गुंडाळायला लागले. "माझ्या हाताला जाणवलं होतं," ते म्हणाले, आणि सुकाणू धरल्यासारखा हात पुढे केला. "जरासं. वाटलं, पाण्यातली पिशवी असेल. म्हणून तुला विचारलं. माझा हात एक म्हणत होता, तू दुसरं म्हणालीस. मी तुझं खरं मानलं."

"मला वाटलं, तुम्हाला तो मग मिळावा," मी म्हणाले.

"तो मग घेऊन काय करू? घरी सहा आहेत." ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं, रागाशी माझी जुनी ओळख आहे. "आता मला सांग, याआधी जे सांगितलंस, त्यातलं खरं किती?"

मी पिशवी उचलली आणि बस पकडली.

बसमध्ये मला बाबा आठवले. तीन वर्षांपूर्वी पुण्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. भावाने मला कळवलं ते बाबा घरी आल्यावर, पाचव्या दिवशी. 'तू एवढी लांब, उगाच जिवाला घोर कशाला' म्हणाला. मी फोनवर त्याची सालटी काढली होती. मी काय परकी आहे का, मला काय समजता तुम्ही, मी माणूस नाही का? पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. आणि आता मी स्वतः काय केलं होतं? अंकलच्या जगातलं मला आवडेल तेवढंच त्यांना दिलं होतं, बाकीचं माझ्यापाशी ठेवलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली की दोन स्टॉप पुढे जाऊन उतरले.

शर्यतीच्या आदल्या शुक्रवारी अंकलचा मेसेज यायचा, दोनच शब्द: उद्या, दोन. तीन आठवड्यांनी नवा मोसम सुरू होणार होता. त्या शुक्रवारी मेसेज आला नाही. शनिवारी मी तरीही गेले. व्हरांड्यातल्या बोर्डावर एक कार्ड टोचलेलं होतं, मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत: होडी विकणे आहे.

अंकल होड्या पाण्यात सोडायच्या उताराजवळ बदामाच्या झाडाखाली बसले होते, शेजारी होडी, तिच्यावर आच्छादन. मी त्यांच्या बाजूला जमिनीवर बसले. काय बोलायचं ते तीन आठवडे घोकलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. म्हणून नुसतं सांगत सुटले. जहाजाच्या साखळीपासून आपण दोन हातांवर होतो. मागे एक आहे म्हणायचे तेव्हा बऱ्याचदा कुणी नसायचं. तुमचा उजवा हात हल्ली थरथरतो आणि तो मला दिसतो. तुम्ही वळण उशिरा घेता. सुरुवातीची रेषा तर तुम्ही दर वेळी चुकवता. मागच्या महिन्यात दुसऱ्या होडीतले लोक तुम्हाला हसले, आणि ते वाऱ्याला हसतायत असं मी सांगितलं. मला हे संपायला नको होतं, म्हणून मी असं वागले. सांगता सांगता मी रडत होते, तेही सांगून टाकलं, कारण त्यांना समोरचं दिसत नाही.

समुद्र चकाकत होता. एक विमान सावकाश गेलं. अंकलनी टोपीची सुतळी सोडून परत बांधली.

"आणि किलो?" त्यांनी विचारलं.

"एकसष्ट," मी म्हणाले. "तेव्हा. आता त्रेसष्ट."

त्यांनी मान जराशी वळवली, मी त्यांच्या नजरेच्या कडेला येईन एवढीच. "आय नो," ते म्हणाले. "फर्स्ट डे, बोट ऑलरेडी टेल मी."

मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि चाचपत होडीच्या आच्छादनाची पहिली गाठ सोडायला लागले. मी मदतीला उठले, तर त्यांनी मानेनेच व्हरांड्याकडे खूण केली.

"ते कार्ड तू काढून आण," ते म्हणाले. "मला टाचणी दिसत नाही."