शनीचा षटकोन आणि अर्धा टोप मठ्ठा

शनी ग्रहाच्या उत्तर ध्रुवावर सहा कोनांचं एक वादळ फिरतं आणि त्याचे शिंतोडे एकदा किन्हवलीत आमच्या ओटीपर्यंत आले होते.

पुतणीचं, म्हणजे वैशालीचं, लग्न आठ दिवसांवर आलेलं. पत्रिका वाटून झालेल्या. हळद दळायची म्हणून जात्याला आंब्याची पानं बांधून बायका ओव्या म्हणत बसल्या होत्या. तेवढ्यात धसईहून नवऱ्या मुलाचे चुलते अण्णा आले. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्री. (अण्णा खुर्चीत बसत नसत, स्थानापन्न होत!)

बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "पोरीला साडेसाती हाय. आमच्या भटजींनी काल बघितलं. लगीन अडीच वर्षं थांबवा."

"अडीच वर्षं?" वैशाली आतून ओरडली. जातं थांबलं. वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. पण मी विज्ञानाचा मास्तर, आणि त्याच आठवड्यात पेपरात लेख वाचलेला!

"अण्णा, शनीला सध्या आपल्याकडे बघायला सवड नाही. त्याच्याच डोक्यावर वादळ आहे. सहा कोनांचं! एकेक बाजू पृथ्वीपेक्षा रुंद. यानाने फोटो काढलेत."

"वादळाला कोन नसतात, मास्तर. वावटळ गोल असते. आमच्या खळ्यात दरसाल येते."

"शनीवर असतात."

"तुमी जाऊन आलाव?"

बायका फिस्सकन हसल्या. मला ते फार लागलं.

"आत्ता दाखवतो! कोन दिसले तर लग्न ठरल्या दिवशी!"

"नि नाय दिसले तर अडीच वर्षं," अण्णा म्हणाले.

"काका, नको!" वैशाली धावत बाहेर आली.

"अगं, शास्त्रावर विश्वास ठेव."

"शास्त्रावर हाय. तुमच्यावर नाय!"

मधलं पाणी एका वेगाने आणि कडेचं दुसऱ्या वेगाने फिरलं, तर त्यात कोन पडू शकतात, एवढं मला ठाऊक होतं. घरात गोल फिरणारी वस्तू एकच, जातं. कोन दिसायला पांढरं काहीतरी हवं, म्हणून पाहुण्यांच्या जेवणासाठी केलेला मठ्ठा घेतला. अर्धा टोप भरून जात्यावर ठेवला आणि मध्ये रवी उभी धरली.

"अरे, हळदीच्या जात्यावर ताक फिरवतोस?" सखूआत्या कडाडली. "तुझ्या बापाने नाय केला असला शहाणपणा!" पण तिनेच खुंटा धरला. (उत्सुकता आमच्या घराण्यात आहे.)

जातं फिरू लागलं.

"गोल हाय," अण्णा म्हणाले.

"थांबा हो, वेग येऊ दे! आत्या, ओवी जलद!"

ओवी भजनाच्या वेगावर गेली.

"तीन कोन!" मी ओरडलो.

"कुठं?" अण्णा खुर्चीतून उठले.

"चार! जवळ या, अण्णा! वाका! पाच!"

आणि माझी रवी टोपाच्या कडीत अडकली. सहावा कोन अण्णांच्या सदऱ्यावर पडला.

अण्णांच्या मिशीतून कोथिंबीर खाली घरंगळली. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे विद्यार्थीसुद्धा नापास झाल्यावर पाहत नाहीत.

"आज शनिवारच ना गो?" अचानक आत्या म्हणाली. "अण्णा, हलू नका! काळ्या देवाचा पांढरा उतारा हाय ह्यो. पोरीवरनं निघाला नि तुमच्यावर बसला."

अण्णांचा चेहरा सदऱ्याइतका पांढरा झाला. "माझ्यावर? मंग... उतरंल कसा?"

"ज्या घरातनं आला, त्या घरची पोरगी सून होऊन ठरल्या दिवशी तुमच्यात आली, की उतरंल. एक दिवस चुकला, तर मात्र मला विचारू नका."

लग्न वेळेवर झालं. मुहूर्ताच्या दोन तास आधी अण्णा मांडवात हजर होते आणि "आटपा, आटपा" करत भटजींच्या मागे फिरत होते.

तेव्हापासून शनिवारी कोणी ना कोणी टोप घेऊन आमच्या दारात उभं असतं. धसईहून येतात, शहापूरहून येतात. मी त्यांना ओटीवर बसवून षटकोनाचं शास्त्र समजावतो. ते शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि विचारतात, "मास्तर, ताक गाईचं लागंल का म्हशीचं?"

पहिली काही वर्षं मी चिडायचो. हल्ली 'गाईचं' म्हणून सांगतो. म्हशीचं घट्ट असतं, त्याला कोन पडत नाहीत.