कानसेन आणि भिंतीमागची कर्रकर्र

कानसेन हे नाव त्याला त्याच्या मेहुण्याने दिलं, तेही वैतागून. दोघं सुट्टीच्या दिवशी धातू शोधणारं डिटेक्टर मशीन घेऊन गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात सोनं शोधायला जायचे. तिथल्या टेकड्यांत पूर्वी सोन्याची खाण होती आणि ओढ्याच्या वळणांवर अजूनही एखादा कण मिळतो, अशी बोलवा होती. मेहुणा पोचल्या पोचल्या मशीन चालू करून सुटायचा. हा मात्र हेडफोन लावून, डोळे मिटून एका जागी खांबासारखा उभा. "भाऊजी, सोनं शोधायला आलात की गाणं ऐकायला? मोठे कानसेन लागून गेलात," असं मेहुणा एकदा म्हणाला आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे दुकानाच्या पाटीवरचं नाव लोक विसरले. पंख्याची मोटार जळाली की "कानसेनकडे टाक" एवढंच म्हणायचे.

त्याच्या बायकोला या सोन्याच्या नादाचं फारसं कौतुक नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने आणलेलं सोनं चिमटीत मावेल एवढं, आणि खिळे, बोल्ट, डब्यांची झाकणं मात्र माळ्यावर पोतंभर. "सोन्याच्या नावाखाली मुलखाचं भंगार घरात आणलंय," असं ती आल्यागेल्याला सांगायची. तो हसायचा. तरी डबा भरून त्याच्याबरोबर ओढ्यात जायची तीही तीच. घरात मिठाची बरणी कुठे असते हे ज्याला आजवर ठाऊक नाही, तो माणूस तिथे वेगळाच व्हायचा, आणि ते बघायला तिला आवडायचं.

डिटेक्टरचं दुखणं असं की त्याला नको ते सगळं ऐकू येतं. डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा, खिशातला मोबाइल, शेजारी चालणाऱ्याचं मशीन, लांब कुठेतरी कडाडणारी वीज, लोहाचा अंश असलेली तांबडी माती, सगळ्यांचा एकच गलका. लोक कंटाळून नॉब मागे फिरवतात. मशीन गप्प होतं खरं, पण खोलवरचं बारीक सोनंही त्याबरोबर गप्प होतं. कानसेनला हा आळशीपणा खपायचा नाही. आवाज कुठून येतो ते आधी शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फरक पडला नाही तर ती होती तशी करायची, आणि मगच दुसरीला हात लावायचा. दांड्याच्या टोकाची ती गोल थाळी जमिनीवरून उचलून हवेत धरायची. आवाज थांबला तर दोष मातीचा, नाही थांबला तर दुसरीकडे बघायचं. एकदा मेहुण्याचं मशीन दर पावलाला किंचाळत होतं आणि तो घाम गाळत जागोजागी खणत सुटला होता. कानसेनने त्याला एका दगडावर बसवून बूट काढायला लावले. बुटांच्या टोकांत लोखंडी पत्रा होता. मेहुणा सकाळपासून आपल्याच पायांचा पाठलाग करत होता. ही हकिकत बायकोने नातेवाइकांत इतक्यांदा रंगवून सांगितली की भावाने तिच्याशी काही दिवस अबोला धरला.

अशात एका सकाळी तिच्या मावसबहिणीचा फोन आला. ही बहीण एका एजन्सीतर्फे घरोघरी जाऊन आजारी माणसांची देखभाल करायची. प्रत्येक घरात तिला 'सिस्टर' म्हणत, म्हणून नात्यातही तिचं तेच नाव पडलं होतं. सध्या ती एका थकलेल्या आजोबांकडे होती. फुप्फुसं कामातून गेलेली, नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालू. फोनवर सिस्टर रडत नव्हती, त्यामुळेच तर बहिणीने गॅस बंद करून नीट ऐकलं.

"ताई, आजोबांच्या बोटातली अंगठी गेलीय. माझ्यावर आळ घेतलाय. संध्याकाळी एजन्सीच्या बाई येणार आहेत मला काढायला. एकदा चोर म्हणून नाव लागलं की मला कोण दारात उभं करणार आहे?"

"तुला काय वाटतं, कुठे असेल?"

"वाफ्यातच असणार. काल सकाळी आंघोळ घालताना बोटात होती, साबणाने सरकत होती. दुपारी ते वाफ्यात हात घालून बसले होते. दादांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, खुरप्याने उकरून बघितलं, पण नाही मिळाली. ताई, भाऊजींना घेऊन ये ना."

बायकोने दुकानात जाऊन हे सांगितलं तेव्हा कानसेन एका पंख्याच्या पोटात तांब्याची तार भरत होता. त्याने तार तिथेच सोडली आणि शटर ओढलं. हातातलं काम अर्धवट टाकून तो उठला, असं तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

घराच्या मागच्या अंगणात, आजोबांच्या खोलीच्या भिंतीला लागून, विटांनी बांधलेला टोमॅटोचा वाफा होता. नळी लांब होती. ती खिडकीतून बाहेर घेऊन आजोबा खुर्चीवर बसत आणि वाफा निंदत. आता ते आत पलंगावर होते. अंगणात आजोबांचा मुलगा उभा होता. माणूस वाईट नव्हता. आईने बाबांच्या बोटात घातलेली अंगठी, आई जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि अंगठी गेली त्या दिवशी घरात परकं माणूस एकच. त्याने सरळ हिशोब केला होता आणि तो त्याच्या डोक्यात घट्ट बसला होता. सून दारातच घुटमळत होती. तिला या प्रकाराची लाज वाटत होती, पण नवऱ्यासमोर तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं.

कानसेनने हेडफोन लावला आणि मशीन चालू केलं. बायकोला त्याच्या कपाळावरची आठी दिसली.

"काय झालं?"

"कर्रकर्र. एकसारखी. हिच्यात अंगठी असली तरी मला ऐकू यायची नाही."

मग त्याचा नेहमीचा कारभार सुरू झाला. आपला मोबाइल बायकोला देऊन त्याने तिला रस्त्यावर पाठवलं. फरक नाही. मुलाचा मोबाइल आणि मनगटावरचं घड्याळ बाहेर गेलं. फरक नाही. मशीनची केबल दांड्याला नीट गुंडाळली, थाळीचं झाकण काढून आतली वाळू झटकली. फरक नाही. थाळी हवेत धरली तरी आवाज तोच, म्हणजे माती निर्दोष. शेवटी त्याने थाळी आडवी धरून स्वतःभोवती हळूहळू फिरवली. भिंतीकडे तोंड झालं की कर्रकर्र वाढायची, पाठ झाली की उतरायची.

"घरातलं काहीतरी आहे," तो म्हणाला. "वहिनी, एकेक बटण बंद करता का? एक बंद करायचं, मी हात केला की परत चालू, मग दुसरं."

सुनेने फ्रीज बंद केला, पाण्याची मोटार केली, दिवे केले, इंटरनेटचा डबा केला. कानसेन प्रत्येक वेळी ऐकायचा आणि मान हलवायचा. मुलगा घड्याळ बघायला मनगट वर करायचा आणि घड्याळ बाहेर ठेवलंय हे आठवून हात खाली घ्यायचा.

"आता बंद करून बघायचं काय राहिलंय?" कानसेनने विचारलं.

खिडकीतून सिस्टरने उत्तर दिलं, "आजोबांचं मशीन."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. वीज गेली तर असावा म्हणून ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर मागच्याच वेळी संपला होता आणि भरून यायचा होता.

"पाच मिनिटं काढलं तर काय होतंय?" मुलगा म्हणाला. "बाथरूमला जाताना काढतोच की."

बायको खिडकीकडे बघत होती. खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं, हो म्हण गं बाई. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, संध्याकाळी तुझ्या पोटावर पाय येणार आहे, आणि मालक स्वतः म्हणतोय.

"बाथरूमहून आल्यावर त्यांच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघते ती मी," सिस्टर म्हणाली. "कुठवर खाली जातो ते मला माहीत आहे, दादा. मशीन बंद होणार नाही."

"अहो, तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

"म्हणूनच सांगतेय. माझ्यासाठी तर अजिबात नाही." आणि तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

बायकोचे डोळे भरून आले. ही तीच पोरगी, जी लहानपणी पालीला घाबरून खाटेवर चढून बसायची. तिने नवऱ्याकडे पाहिलं. कानसेन कमरेवर हात ठेवून वाफ्याकडे बघत होता, आणि त्या उभं राहण्याची तिला चांगली ओळख होती. ओढ्यात तो असा उभा राहिला की ती डबा उघडायची थांबायची, कारण आता काहीतरी होणार हे ठरलेलं.

"मीच ते विचारायला नको होतं," तो म्हणाला. "आवाज हलवता येत नाही ना, मग माती हलवू."

डिटेक्टर घेऊन तो अंगणाच्या फाटकातून बाहेर पडला आणि ऐकत ऐकत चालत गेला. बोळ ओलांडून पलीकडच्या मोकळ्या जागेत, कुंपणाच्या कोपऱ्याशी कर्रकर्र विरली. तिथे त्याने प्लास्टिकचा कागद अंथरायला सांगितला. मुलगा उत्साहाने लोखंडी घमेलं घेऊन आला.

"हे परत ठेवा," कानसेन म्हणाला. "याच्यात अंगठी टाकली तर मशीन घमेल्याच्याच नावाने ओरडेल. प्लास्टिकचा टब द्या एखादा."

बाळाला न्हाऊ घालायचा जुना टब निघाला. खुरपंही कानसेनने नको म्हटलं, हाताने माती भरायला सांगितली. मुलगा भरायचा, बायको आणि सून टब धरून बोळ ओलांडायच्या, कागदावर माती रिकामी करून बोटभर जाडीने पसरायच्या. मग कानसेन बगळ्यासारखा एकेक पाऊल टाकत तिच्यावरून थाळी फिरवायचा. मशीन वाजलं की वाकायचं. पहिल्यांदा चॉकलेटचा चंदेरी कागद निघाला. मग गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा, मग पुन्हा कागद. खतात घरातला कचरा गेलेला, त्याची ही फळं.

"असले कागद वगळायची सोय असते ना मशीनला?" मुलाने विचारलं. त्याची कंबर धरली होती.

"असते. पण बारीक अंगठी आणि हा कागद, दोघांचा आवाज एकाच जातीचा. कागदाचं तोंड बांधलं की अंगठीचंही बांधलं गेलं. दर वेळी वाकायचं, दुसरा इलाज नाही."

आणि तो दर वेळी वाकला. बायकोने त्याला पंख्यांवर, मेहुण्यावर, सासऱ्यांवर वैतागताना पाहिलं होतं, पण कागदाच्या कपट्यावर तो एकदाही वैतागला नाही. प्रत्येक कपटा चिमटीत धरून बघायचा, खिशात टाकायचा, पुन्हा तीच जागा तपासायचा. आपल्या नवऱ्याचा तिला इतका अभिमान वाटला की टब उचलताना तिला ओझंच कळेना. सिस्टर या सगळ्या वेळात एकदाही बाहेर डोकावली नाही. ऊन उतरत चाललं होतं.

वाफा तळाला आला, टोमॅटोची रोपं उपटून शेवटच्या टबात आली. त्यांच्या मुळांना मातीची घट्ट ढेकळं होती. कानसेनने थाळी वरून नेली, थांबला, उलट नेली, मग आडवी. डोळे मिटले. त्याने एक ढेकूळ उचलून मुलाच्या हातात ठेवलं.

मुलाने ते फोडलं. मुळांच्या जाळ्यात अंगठी अडकली होती. खुरपं तिच्या आजूबाजूने कितीदा फिरलं असेल कोण जाणे. मुलगा ती बघत राहिला, आणि त्याचा चेहरा असा उतरला की बायकोलाच त्याची कणव आली. सुनेने मात्र पहिल्यांदा आवाज चढवला. "आता फोन लावा," ती म्हणाली. "एजन्सीला. आत्ता, इथेच."

त्याने लावला. मोकळ्या जागेत उभं राहून, मातीच्या हाताने कानाला फोन धरून तो बोलला. अंगठी मिळाली हे त्याने आधी सांगितलं. मग सून समोरून हलेना, म्हणून पुढचंही सांगितलं, की सिस्टरने काही घेतलं नव्हतं, चूक त्याची होती आणि तसं लिहून देतो. पलीकडच्या बाई वाटेवर होत्या, त्या माघारी फिरल्या. बायकोचा जीव भांड्यात पडला.

मग तो अंगठी धुऊन आजोबांच्या खोलीकडे निघाला. मागोमाग सगळे. दारातच त्याने बोलायला सुरुवात केली, "सिस्टर, मी तुम्हाला जे काही..."

सिस्टर पलंगाशी बसली होती. एक हात आजोबांच्या छातीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. आजोबांचे डोळे मिटलेले, छाती संथ वरखाली होत होती. तिने मान न वळवता दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. ती श्वास मोजत होती.

मुलगा थांबला. चूक पदरात घ्या म्हणायला आलेला तो माणूस ओली अंगठी मुठीत धरून उंबऱ्यावर तसाच उभा राहिला. सून थांबली, बायको थांबली, आणि कानसेनने गळ्यातल्या हेडफोनची वायर हलू नये म्हणून ती हळूच मुठीत धरली. खोलीत फक्त मशीन चालू होतं.

मोजून झालं. तिने आजोबांचं पांघरूण सारखं केलं, नळी कानामागे नीट बसवली, आणि मग वळून मुलाकडे पाहिलं.

"हं," ती म्हणाली, "आता बोला."