दुधाच्या थेंबाशिवाय

चाळीस वर्षं घरोघर दूध घालणाऱ्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा गोडाचा पदार्थ करायला घेतला, तोही दुधाचा थेंब न घालता.

त्याला कारण त्याची एकुलती एक लेक. तीन वर्षांपूर्वी तिनं दूध, दही, लोणी सगळं सोडलं. ते दूधवाल्याच्या मनाला लागलं. त्यानं कारण विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. बोलणं-हसणं चालू होतं. पण ती आली की जेवणानंतर तो आणि त्याची बायको आइस्क्रीम खात आणि ती संत्रं सोलत बसे. ते बघणं त्याच्या जिवावर येई.

येत्या रविवारी ती येणार होती. त्यानं मोबाइलवर कृती शोधली: कॉफीत बुडवलेली बिस्किटं, त्यावर काजूचं क्रीम, पुन्हा बिस्किटं, पुन्हा क्रीम. तिरामिसू. हे नाव काही बायकोच्या जिभेवर बसेना. थरावर थर म्हणून ती त्याला "तुमचं ते थरथर" म्हणू लागली.

बिनदुधाचं बिस्किट मिळेपर्यंत त्यानं दुकानातला प्रत्येक पुडा उलटा करून वाचला.

"काका, बिस्किटं घेताय की परीक्षेला बसताय?" दुकानदारानं विचारलं.

शुक्रवारी पहिला प्रयत्न झाला. चहात बुडवावं तसं त्यानं बिस्किट कॉफीत निवांत बुडवलं आणि हातात नुसता तुकडा उरला. सगळ्या भांड्याचा चिखल झाला. बायकोनं चमचाभर चाखला.

"चव बरी आहे हो. फक्त खायचं की प्यायचं ते सांगा."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. शनिवारी त्यानं कॉफी पार गार केली आणि बिस्किट आत घालून लगेच बाहेर काढलं. गरम पाण्यात दोन तास भिजवलेले काजू नारळाच्या घट्ट दुधात इतके वाटले, की बोटाला कण लागेना. थर लावून भांडं फ्रीजमध्ये ठेवलं. रविवारी सकाळी चहाच्या गाळणीतून वर कोको भुरभुरवला.

जेवण झाल्यावर त्यानं भांडं लेकीपुढे ठेवलं. चमचा उचलून ती थांबली.

"बाबा, यात दूध नाही ना?"

"अगं, दूध कशात आहे न् कशात नाही, एवढं तरी मला कळतं."

तिनं खाल्लं. मग न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिचं खाणं बघता बघता इतक्या दिवसांचा प्रश्न त्याच्या तोंडून निघून गेला.

"का गं सोडलंस दूध?"

"एकदा कामानिमित्त एका गोठ्यात गेले होते," ती म्हणाली. "वासरू नुकतंच दुसरीकडे नेलं होतं. गाय हंबरत होती. थांबेचना."

तो आवाज त्याच्याही ओळखीचा होता. पहाटे कॅन भरताना त्यानं तो कितीदा ऐकला होता, आणि दरवेळी जरा जोरात शीळ घातली होती.

"मला वाटलं, तू माझ्या धंद्याला नावं ठेवतेस," तो म्हणाला.

"काहीतरीच काय, बाबा? त्याच धंद्यावर तर मी शिकले."

तो हसला. सगळं पटलं नव्हतं, पण मन हलकं झालं होतं. बायकोनं तेवढ्यात भांडं स्वतःकडे ओढलं.

"तुमचं बोलणं चालू द्या," ती म्हणाली, "मी तोवर कोपरे साफ करते."