चेतनाचा आठाचा पत्ता

कामाला किती दिवस लागतील, हे आमच्या नवा रायपूरच्या सॉफ्टवेअर ऑफिसात आकड्यांच्या पत्त्यांवर ठरतं. प्रत्येकानं आपल्या अंदाजाचा पत्ता निवडायचा अन् सगळ्यांनी एकदम उघडायचे. आम्ही संस्कारी पोट्टे आधी टीम लीड शेखरभैयांचा बघतो. रायपूरच्याच भनपुरी भागातली चेतना बघत नाही.

सोमवारी भैयांचा दोन, म्हणून आमचेही दोन. चेतनाचा आठ.

"आठ काहून वं?"

"आधी कोड तपासणारी टेस्ट लिहा लागते, भैया, मग कोड."

"टेस्ट बाद में. दोन दिवसांत संपव, अन् जा भावाच्या लग्नाले."

टेस्टशिवाय लिहिलेलं एक नीट केलं की दुसरं बिघडत होतं. शुक्रवारी गोंदियाच्या मांडवातून आईचा व्हिडिओ कॉल आला. चेतना मान खाली घालून टाइप करत राहिली.

"उचल ना, पोट्टे," भैया मायेनं म्हणाले. "दोनच दिवसांचं तर काम आहे."