शेजारच्या पलंगावरचा ईसीजी

शेजारच्या पलंगावरच्या मुलीचा ईसीजी दर वेळी वाईट यायचा आणि मला तिचा हेवा वाटायचा. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले. असं कोणी लिहितं का, हे मला माहीत नाही. पण ते सोडलं तर पुढचं काही सांगताच येणार नाही.

मी चंद्रपूरला कॉलेजात शिकते. गाव मूलच्या पलीकडे. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे माझं काहीही बिघडलं की कारण ठरलेलं असतं. जेवण कमी गेलं तर कॉलेज, चिडचिड झाली तर कॉलेज. छातीत धडधड सुरू झाली तेव्हाही तेच झालं.

पहिल्यांदा ती आली भाताच्या रोवण्याच्या दिवसांत. सुट्टीत घरी आले होते, बांधीत वाकून रोप लावत होते आणि कोणी बटण दाबावं तसं काळीज एकदम पळायला लागलं. हळूहळू वाढणं वगैरे नाही. गळ्यातली शीर उडत होती आणि चिखल डोळ्यांसमोर वर येतोय असं वाटत होतं. बाजूला रोवणाऱ्या बायांमधली एक म्हणाली, "वाकाचं काम आलं का कालेजवालीचं दिल धडधडते." सगळ्या हसल्या. आईही थोडी हसली, पण हसता हसताच तिनं धुऱ्यावरच्या मडक्यातलं गार पाणी घमेल्यात ओतलं आणि माझी मान धरून तोंड त्यात बुडवलं. आमच्याकडे कोणाचं मन घाबरं झालं की हेच करतात. मी गुदमरून वर आले तेव्हा धडधड थांबली होती. आली तशीच, एकदम.

पुढे घरी असताना जेव्हा जेव्हा ती आली, तेव्हा आधी पाणी आणि मग दवाखाना. तालुक्याच्या दवाखान्यात छातीला चिमटे लावायचे, ईसीजीची पट्टी निघायची, आणि पट्टी अगदी व्यवस्थित असायची. डॉक्टर म्हणायचे, टेन्शन घेऊ नको. एकदा परतताना बसमध्ये आईनं मला हळूच विचारलं, "खरं सांग, तुले तिथी राहाचं नाई का?" बाबांनी तर ठरवूनच टाकलं होतं. शिकून जीव जात असेल तर ते शिकणं नको, उन्हाळ्यानंतर घरीच राहा. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते काळजीनं बोलत होते. माझ्याकडे त्यांना दाखवायला काहीच नव्हतं. होते ते सगळे कागद त्यांच्याच बाजूचे होते.

मग एकदा प्रॅक्टिकल चालू असताना मी प्रयोगशाळेत खाली बसले. आमच्या मॅडमनी रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात नेलं, पण पोचेपर्यंत धडधड आपोआप ओसरली होती. तिथल्या डॉक्टरांनी मात्र मला लगेच परत पाठवलं नाही. काही दिवस भरती राहा म्हणाले, इथे आली की पकडू. गावाहून आई आली. आणि शेजारच्या पलंगावर ती होती.

ती अहेरीकडची, माझ्याच वयाची. चंद्रपुरात भाड्याची खोली घेऊन एका खानावळीत पोळ्या लाटायची. तिचा मोठा भाऊ ट्रकवर होता, जमेल तसा येऊन जायचा. तिच्या हृदयात जन्मापासून विजेची एक जास्तीची वाट होती. त्यामुळे ती अगदी बरी असताना, हसत असतानासुद्धा, तिच्या ईसीजीत ती वाट दिसायची. तिला धडधड येण्याची वाट बघावी लागत नव्हती. डॉक्टर शिकाऊ मुलामुलींना घेऊन यायचे आणि तिच्या पट्टीवर पेन ठेवून समजवायचे. ती मुलं मान वाकवून बघायची. नागपूरला पायाच्या शिरेतून तार नेऊन ती वाट जाळून टाकणार होते, फक्त तारीख लागायची होती. मग डॉक्टर माझ्याकडे वळायचे, माझी पट्टी बघायचे, "नॉर्मल" म्हणायचे आणि घडी घालायचे. ती घडी घालण्याची पद्धत मला अजून आठवते.

आईचं तर वेगळंच. तिनं पहिल्याच दिवशी त्या मुलीला आपल्या डब्यातली जवसाची चटणी दिली. दुसऱ्या दिवसापासून ती तिचे केस विंचरू लागली. समोरच्या म्हातारीनं विचारलं तर आई म्हणाली, आमच्या पोरीचं काही खास नाही, या बिचारीलाच मोठं दुखणं आहे. मी भिंतीकडे तोंड केलं. माझी आई, माझी फणी, आणि दुखणंही तिचंच मोठं. रोज रात्री मी मनात म्हणायचे, आज येऊ दे. आपलं काळीज बिघडावं म्हणून कोणी विनवणी करत असेल का? मी करत होते.

ती बोलकी होती. मी तुटक उत्तरं द्यायचे तरी बोलायची. एकदा बोलता बोलता तिनं सांगितलं की धडधड आली तर काय करायचं हे डॉक्टरांनी तिला शिकवलं आहे. बर्फासारख्या गार पाण्यात तोंड घालायचं, कधी कधी त्यानंच थांबते. मी उठून बसले. हे तर आईचं घमेलं. म्हणजे दर वेळी दवाखान्यात निघण्याआधी आईच माझं दुखणं थांबवत होती आणि आम्ही डॉक्टरांसमोर बरं झालेलं काळीज घेऊन जात होतो. हे आम्ही कोणाला सांगितलंच नव्हतं. पाणी हे औषध आहे असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं. आणि ते मला कळलं ते तिच्याकडून, याचाही मला राग आला.

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. आईला म्हणाले, घरी करता ते ठीक, पण इथे आधी आम्हाला बोलवा. आईनं मान डोलावली.

त्यानंतर एका दुपारी आम्ही जेवत होतो. धडधड एकदम सुरू झाली आणि घास हातातच राहिला. आईनं माझा चेहरा बघितला आणि तिचा हात सरळ पाण्याच्या बाटलीकडे गेला. दुपट्टा भिजवून ती माझ्यावर वाकली. मी हातानं नको नको करत होते. तेवढ्यात शेजारची मुलगी सिस्टरला हाक मारून पलंगावरून उतरली आणि तिनं आईचं मनगट धरलं.

"मावशी, थोडं थांबा. मशीन येऊन राह्यली."

"पोरगी मरून राह्यली अन् मी पाहात राहू? सोड मले."

"मरत नाई ते. माह्याकडे पाहा, मी मेली का?"

तिनं सोडलं नाही. सिस्टर आल्या, चिमटे लागले, आणि यंत्रातून पट्टी निघतच राहिली, गच्च, दातेरी. डॉक्टर धावत आले आणि पट्टी बघून म्हणाले, "सापडली." मग त्यांनी सांगितलं की आता सुई देतो, क्षणभर जीव जातोय असं वाटेल, घाबरू नको. तसंच वाटलं. कोणीतरी आतून सगळं ओढून घेतलं, आणि मग छातीत शांतता.

शिकाऊ मुलं माझ्या पलंगाभोवती जमली. मी त्यांच्यामधून वाकून शेजारी बघितलं, तिला हे दिसतंय का म्हणून.

आई पायाशी बसून होती. म्हणाली, "एवढा वेळ चालते हे?" तिनं ते कधी पूर्ण बघितलंच नव्हतं. थोड्या वेळानं ती व्हरांड्यात गेली आणि बाबांना फोन लावला. दार उघडं होतं. तिच्या शिक्षणाले दोष देऊ नका, ती सांगत होती, कागदावर आलं आहे, मीच दर वेळी दाबून टाकत होती. मग पुन्हा सांगितलं, बाबांना ऐकू आलं नसावं.

"बरं झालं, सापडली तुह्यी," शेजारची म्हणाली. ती पलंगाखाली वाकून चप्पल शोधत होती. "तुह्यी आई येऊच देत नव्हती नं ते दवाखान्यापर्यंत. माहा झटका पहिल्यांदा आला तवा मी खोलीत एकटी होती. सकाळपासून दिवे लागेपर्यंत चालला. दार वाजवाले कोणी नाई. खानावळवाली पोळ्यांचं विचाराले आली, तवा सापडली मी."

तक्रारीसारखं ती काहीच बोलली नव्हती. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "तुझी नागपूरची तारीख लागली का?"

लागली होती. पुढच्याच आठवड्यातली. माझे तर अजून कागदही जायचे होते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला टोचलं ते तेच. तिच्या खोलीच्या त्या बंद दाराचा विचार नंतर आला. आई फोन ठेवून आत आली आणि फणी घेऊन नेहमीसारखी आधी तिच्या पलंगाकडे वळली. या वेळी मीच सरकून जागा केली आणि त्या मुलीला म्हटलं, तू इकडे ये, इथे उजेड आहे.