मागचे ड्रम आणि माझी सही

आमच्या टाउनशिपमध्ये मोठा साहेब येणार म्हटलं की जे जे हलत नाही त्याला रंग लागायचा. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, रस्त्याकडेच्या दगडांना चुना, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या जुन्या ट्रकला तर वरून खालून, आतून बाहेरून ऑइलपेंट. भोपाळात कारखाना उभा राहिला तेव्हाचा हा ट्रक. टपाला नवा रंग आणि चाकं जागची हलत नाहीत! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कुणाला काही म्हणावं तर उत्तर ठरलेलं, "अरे भई, शोभा है."

एके काळी हा ट्रक चालायचा. वार्षिक दिनाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे तोच, आणि त्याची देखभाल आमच्या वाहन-वर्कशॉपच्या फोरमन काकांकडे. काका नागपूरकडचे. पाना कसा धरायचा इथपासून सगळं मी त्यांच्याकडे शिकलो. एका वर्षी ऐन मिरवणुकीच्या वेळी ट्रक हलेचना. मागची दोन्ही चाकं जाम. मोठ्या साहेबासमोर फजिती झाली, मग चौकशी बसली. तीन जणांनी खुर्च्या टाकून चौकशी केली, पण एकानंही चाकामागचे ब्रेकचे ड्रम उघडून आत बघितलं नाही. चार हातोडे मारले, निघत नाही म्हणाले, आणि कागदावर लिहून मोकळे झाले: मागच्या ब्रेकच्या देखभालीत फोरमनचा हलगर्जीपणा.

काका घसा कोरडा करून सांगत होते, "दोन महिन्यांपूर्वी मी स्वतः ड्रम काढून साफ केलेत. उघडून तर बघा!" कोण ऐकतो? चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या कागदावर वर्कशॉपचा साक्षीदार म्हणून एक सही हवी होती. ती मी केली. नोकरी पक्की व्हायची होती, क्वार्टर नुकतं मिळालं होतं, सबबी सांगायच्या तर पोतंभर आहेत. सही केली, एवढंच खरं. काकांना वर्कशॉपमधून उचलून स्पेअर पार्टच्या स्टोअरात बसवलं, आणि तिथूनच ते रिटायर झाले.

बारा वर्षांनी फोरमनच्या खुर्चीत मी होतो. नवीन साहेबांच्या डोक्यात आलं, यंदा मिरवणुकीत जुना ट्रक चालला पाहिजे, नाहीतर भंगारात द्या. त्यांना ट्रक हवा होता. मला मात्र एकच बघायचं होतं, त्या ड्रमांच्या आत काय आहे. आत गंज आणि घाण निघाली असती तर काका खोटे होते आणि माझी सही खरी. खोटं कशाला बोलू, गंजच निघावा असं मला मनातून वाटत होतं.

चाकं उतरवली. माझ्याबरोबरचा फिटर भोपाळी, त्यानं लगेच घण उचलला. "उस्ताद, दो हाथ मारूं?"

"खबरदार!" मी ओरडलो. "बिडाचा ड्रम आहे. तडकला तर दुसरा कुठून आणशील?"

आधी मी ट्रकखाली उताणा झोपलो आणि तिथेच माझं डोकं फिरलं. वर केबिनमध्ये हँडब्रेक सोडलेला, त्याची केबल सैल लोंबत होती. पण खालचा आडवा दांडा, जो ब्रेक आवळतो, तो अजून ओढलेल्याच जागी. का? तर दांडा, पिना, सांधे, सगळ्यावर काळ्या रंगाचं बोटभर पुट! छिन्नीनं एकेक थर खरवडत गेलो. अगदी तळचा, पहिला थर सांध्यावरून अखंड गेलेला, कुठे तडा नाही. म्हणजे हँडब्रेक ओढलेला असतानाच कुणीतरी तो रंगवला आणि त्यानंतर तो सांधा एकदाही हलला नाही.

मग सगळं आठवलं. त्या वर्षी मिरवणुकीच्या आधी तीन आठवडे ट्रक रंगाऱ्यांच्या ताब्यात होता. हँडब्रेक ओढून उभा, रोज पाइपनं धुतलेला. "नीचे भी मारो," म्हणून साहेबानंच हुकूम सोडला होता. मी तिथेच उभा होतो की! रंग वाळला, दांडा चिकटला, पाण्यानं उरलंसुरलं काम केलं. हलगर्जीपणा म्हणे! अरे, तुमच्या शोभेनं त्या माणसाचं तोंड काळं केलं!

रॉकेल सोडलं, ब्लोलॅम्पनं शेकलं, तेव्हा दांडा खट्कन मागे गेला. तरी ड्रम निघेना. ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. ती भोकंही त्या रंगारी महाभागांनी लांबी, म्हणजे पुटी, भरून बुजवली होती, वरून रंग. टोकरून काढली, दोन बोल्ट लावले, एकदा इकडे अर्धा फेरा, एकदा तिकडे. दुपारी ड्रम हातात आला.

आत कडेला पाण्याचा गंज होता. पण ब्रेकचे लायनर जाड, जवळपास नवे. ब्रेक जुळवायच्या अॅडजस्टरवर ग्रीस अजून ओलसर. आणि स्प्लिट पिनेची दोन्ही टोकं नीट दुमडलेली, काका मला शिकवायचे तशी. दुसऱ्या चाकातही तेच. मी तिथेच फरशीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी खरा रिपोर्ट लिहून नेला. साहेब म्हणाले, "गाड़ी चल गई ना? गड़े मुर्दे क्यों उखाड़ते हो?" मी म्हटलं, "मुर्दा नहीं साब, जिंदा है, अवधपुरी में रहता है," आणि आवक-विभागात कागद देऊन पोच घेतली. तिथून थेट काकांकडे गेलो.

काकूंनी चहा आणून ठेवला. मी पोच काकांपुढे ठेवली आणि काय काय निघालं ते सांगायला लागलो. काकांनी हात वर करून थांबवलं.

"मला काय सांगतोस? मला माहीतच होतं. हिला सांग. बारा वर्षं हिला वाटतंय, माझ्याच हातून चुकलं."

काकू समोर बसल्या. मी पहिल्यापासून सांगितलं. रंग, दांडा, ग्रीस, पिना. मग सहीचंही सांगितलं. काकू काकांकडे बघत राहिल्या. काका खिडकीबाहेर बघत होते.

"ती सही तुझी होती?" काकूंनी मला विचारलं.

"हो."

"आणि दर दिवाळीला येऊन माझ्या हातचा फराळ खात होतास?"

काकू उठल्या, माझ्यापुढचा भरलेला कप उचलला, आत गेल्या आणि मोरीत ओतला.